वासराला चीक, मग बाळाला का नाही?

गाय व्याली की तासाभरात वासराच्या तोंडी चीक गेला पाहिजे, हे सातारा-सांगलीकडच्या गोठ्यात कुणाला शिकवावं लागत नाही. पण बाळंतिणीचा पिवळसर चीक 'जड असतो' म्हणून पिळून टाकणारी आणि बाळाला मधाचं बोट नाहीतर गुटी चाटवणारी घरं अजून आहेत.

हा खेळ अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. दीड किलोच्या आतल्या बाळांना आतड्याचा एक भयंकर आजार होतो. डॉक्टर त्याला 'एनईसी' म्हणतात. आतड्याला सूज येते, भाग सडतो, प्रसंगी भोक पडतं. पोट टम्म फुगतं, हिरवी उलटी होते, शीतून रक्त जातं, बाळ दूध ओढेनासं होतं. कारणं अनेक, पण कोवळ्या आतड्यात आधी कुठले जीवाणू ठाण मांडतात, यावर बरंच अवलंबून असतं. हरभऱ्याच्या बियाण्याला आपण रायझोबियम चोळतो, तसंच हे. आईच्या दुधात अशा साखरा असतात की त्या बाळाला पचत नाहीत. त्या चांगल्या जीवाणूंचं खाद्य! ब्रिटनमध्ये 1990 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या डब्याच्या दुधावरच्या अशा बाळांत हा आजार निव्वळ आईच्या दुधावरच्यांपेक्षा सहा ते दहा पट आढळला. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मातृदुग्धपेढी काढली, ती अशाच बाळांसाठी.

ओडिशाच्या 149 गावांत डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या पथकाने साडेचार हजारांवर नवजात बाळांवर प्रयोग केला. निम्म्यांना आठवडाभर चांगले जीवाणू पाजले. त्यांच्यात जंतुसंसर्ग व मृत्यूचं प्रमाण 5.4 टक्के, बाकीच्यांत 9 टक्के निघालं (2017). पण ही बाळं दोन किलोच्या वरची, अंगावर पिणारी होती. म्हणून मेडिकलमधून पुडी आणून परस्पर पाजू नका. अगदी लहान बाळांना अशा जीवाणूंचाच संसर्ग होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 मध्ये तसा इशारा दिला आहे.

खरी अडचण उसाच्या फडात आहे. हंगामात परजिल्ह्यातली तोडणीवाली बाई कोपीतच बाळंत झाली, तर तिचं नाव गावच्या यादीत नसतं. आशाताईंच्या 42 दिवसांच्या घरभेटी तिच्यापर्यंत पोचायच्या कशा? हंगाम सुरू होताच ग्रामसेवक आणि मुकादमांनी कोप्यांतल्या गरोदर बायांची नावं आरोग्य केंद्रात द्यावीत. आणि पोट फुगलेलं, हिरवं ओकणारं बाळ दिसलं तर काढा-गुटीत रात्र घालवू नये. 108 ला फोन करून बाळाला आईच्या छातीशी उबेत धरून जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात न्यावं.