बी.एस्सी. नर्सिंग: कॉलेज निवडायचं ते वॉर्ड पाहून

मुलीला किंवा मुलाला नर्सिंगला घालायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न फीचा निघतो, दुसरा होस्टेलचा. कॉलेजचं हॉस्पिटल केवढं आहे आणि त्यात पेशंट असतात का, हे बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही. खरं तर या शिक्षणातला मोठा भाग वॉर्डात, पेशंटच्या उशाशी घ्यायचा असतो. इमारत चकचकीत आणि हॉस्पिटल रिकामं असेल, तर चार वर्षांनी पदवी हातात पडेल, हात मात्र कोरेच राहतील. प्रवेशाची सगळी खटपट करताना ही गोष्ट डोक्यात असावी.

आधी कोर्सचा घोळ मिटवू. एएनएम दोन वर्षांचा कोर्स आहे. बारावी कुठल्याही शाखेची चालते आणि पुढचं काम मुख्यतः उपकेंद्र, लसीकरण, गरोदर मातांची तपासणी असं गावपातळीवरचं. जीएनएम तीन वर्षांची पदविका. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची, म्हणजे आठ सत्रांची पदवी. परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, शेवटचं सत्र इंटर्नशिपचं. जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही करणाऱ्यांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते आणि वॉर्डात दोघी शेजारी शेजारी काम करतात. फरक पुढे पडतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला, म्हणजे नॉरसेटला, बी.एस्सी. झालेली मुलगी लगेच बसू शकते. जीएनएमवालीला आधी ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. एम.एस्सी. करून शिकवायला जायचं असेल तरी पदवी हवीच.

बी.एस्सी.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. त्यांचे मिळून किमान ४५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण झालेली असावीत. मॅथ्स घेऊन बायोलॉजी सोडलेल्यांची गाडी इथेच अडते, तेव्हा अकरावीला विषय घेतानाच सांभाळावं.

महाराष्ट्रात या प्रवेशाला राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा आहे, नीट लागत नाही. पेपर १०० गुणांचा: भौतिक, रसायन, जीव, इंग्रजी आणि नर्सिंग अभियोग्यता, प्रत्येकी २० गुण. गुणवत्ता यादी सीईटीवर लागते. बारावीचे टक्के फक्त पात्रतेपुरते. ‘बारावीला ८० टक्के आहेत, होईल कुठंतरी’ म्हणून सीईटी हलक्यात घेणाऱ्यांना जून-जुलैत घाम फुटतो. अभ्यासाच्या बाबतीत एवढंच, की इंग्रजी आणि अभियोग्यतेचे ४० गुण क्लासवाले दुर्लक्षित ठेवतात आणि थोड्या तयारीत तेच हाती लागतात.

निकालातल्या पर्सेंटाइलने मात्र दरवर्षी गोंधळ होतो. नियमाप्रमाणे खुल्या प्रवर्गाला ५० आणि अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींना ४० पर्सेंटाइलची अट आहे. म्हणजे १०० पैकी ५० गुण नव्हेत. समजा १,००० जण परीक्षेला बसले आणि त्यांतल्या ५०० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, तर तुम्ही ५० पर्सेंटाइलवर. पेपर अवघड गेला तर ४० गुणांनाही ते जमेल, सोपा गेला तर ५५ गुणही अपुरे पडतील. म्हणून निकालपत्रावर आधी पर्सेंटाइल पाहावं, मग गुण.

कागदपत्रं निकालानंतर गोळा करू म्हणणारे रडकुंडीला येतात. अधिवास प्रमाणपत्र आठवड्या-दोन आठवड्यांत मिळतं. जात वैधता प्रमाणपत्राचं तसं नाही. पडताळणी समितीकडे फाइल महिनोन्‌महिने पडून राहू शकते, त्यामुळे अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाकलेला बरा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. म्हणजे गेल्या वर्षी काढलेला कागद प्रवेशाच्या वेळी शिळा झालेला असू शकतो, हे कित्येकांना खिडकीवर उभं राहिल्यावर कळतं. मेडिकल फिटनेस ठरलेल्या नमुन्यातच लागतं. आणि दहावीची मार्कशीट, आधार आणि जातीचा दाखला एकमेकांशेजारी ठेवून नाव अक्षरन्‌अक्षर ताडून पाहा. एकावर ‘संगीता’ आणि दुसऱ्यावर ‘संगिता’ असेल, तर दुरुस्ती आत्ताच करून घ्या.

सीईटी आणि पसंतीक्रम भरणं यांच्यामध्ये काही आठवडे मोकळे मिळतात. हे आठवडे कॉलेजं पाहण्याचे. माहितीपत्रकातल्या फोटोंवर विसंबू नका, प्रत्यक्ष जा आणि सकाळी दहाच्या सुमाराला जा.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे कॉलेजला स्वतःचं, म्हणजे त्याच संस्थेचं, किमान १०० खाटांचं हॉस्पिटल लागतं; आदिवासी आणि डोंगराळ भागाला यात सूट आहे. यालाच पॅरेंट हॉस्पिटल म्हणतात. प्रत्यक्ष शिक्षणासाठी एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असं प्रमाण धरलेलं आहे. आता सोपं गणित करा. १०० पैकी ७५ खाटा भरलेल्या असल्या तर एका वेळी २५ विद्यार्थ्यांपुरतेच पेशंट झाले. कॉलेजात ६० जागा असतील तर चार वर्षांचे मिळून २४० जण. सगळे एकदम वॉर्डात नसतात हे खरं, तरी उरलेल्यांची सोय बाहेरच्या हॉस्पिटलांत करावी लागते: जिल्हा रुग्णालय, महापालिकेचं प्रसूतिगृह, एखादं मोठं खासगी. यात गैर काही नाही, उलट जिल्हा रुग्णालयात जे पाहायला मिळतं ते चकाचक खासगी हॉस्पिटलात मिळत नाही. मात्र तो करार खरोखर चालू आहे का आणि मुलांना बसने किती वेळ लागतो, हे विचारायलाच हवं. मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगसाठी मुलांना येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवतात का, हेही विचारून घ्या.

हॉस्पिटलात शिरल्यावर आधी केसपेपरच्या खिडकीपुढची रांग पाहा. मग जनरल वॉर्डाच्या दारातून नजर टाका. चादरी घट्ट ओढलेल्या, खाटेशेजारच्या कपाटावर ना डबा ना पाण्याची बाटली, खाटेखाली चपला नाहीत, सलाईनचे स्टँड कोपऱ्यात एकत्र उभे करून ठेवलेले: असा वॉर्ड तपासणीच्या दिवसापुरता मांडलेला असतो. पेशंट असलेला वॉर्ड असा दिसत नाही. तिथं नातेवाईक असतात, औषधांच्या ट्रॉलीवर अर्धवट वापरलेल्या पट्ट्या असतात, ड्यूटी संपलेली एखादी सिस्टर दुसरीला खाटागणिक ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती, देत असते आणि शेजारी गणवेशातली विद्यार्थिनी वहीत बीपीचे आकडे उतरवत असते. लेबर रूममध्ये महिन्याला किती बाळंतपणं होतात ते विचारा. आकडा सांगताना समोरचा चाचरला की समजून घ्या.

नंतर कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा. त्यांना एवढंच विचारा, ‘गेल्या महिन्यात पोस्टिंग कुठं होतं आणि स्वतःच्या हातानं काय काय केलंत?’ प्राचार्यांच्या केबिनमध्ये तासभर बसून जे कळणार नाही ते या उत्तरातून कळतं. शिकवणारे कोण, तेच मास्तर दर वर्षी टिकतात का, हेही त्याच टेबलावर समजतं.

मान्यतेचे कागद हा कंटाळवाणा पण न टाळता येणारा भाग. राज्य शासन, नर्सिंग कौन्सिल आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ या तिघांची मान्यता चालू वर्षाची हवी. ‘प्रस्ताव पाठवला आहे’ हे उत्तर म्हणजे नकार समजावा. दुसऱ्या राज्यात जायचं असेल, तर तिथल्या कौन्सिलची नोंदणी घेऊन परत आल्यावर महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी करून घ्यावी लागते. ‘अॅडमिशन करून देतो, कॉलेजला जायचीही गरज नाही’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच वाटेला लावा. प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरल्याशिवाय पदवी मिळत नाही असा नियम आहे, आणि न जाता नर्स झालेल्या व्यक्तीच्या हाताखाली कुणाच्याही आईला झोपवू नये.

पसंतीक्रमाचा फॉर्म भरताना लोक नको तितके हुशार होतात. ‘पहिलं मोठं कॉलेज टाकलं आणि नाही मिळालं तर नंबर वाया जाईल’ ही भीती निराधार आहे. यादी गुणवत्तेनुसार एकेका विद्यार्थ्यावर येते. तुमची पाळी आली की तुमच्या यादीत वरून खाली पाहिलं जातं आणि तुमच्या प्रवर्गाची जागा जिथं पहिल्यांदा शिल्लक दिसते ती तुम्हाला मिळते. वरच्या तीन जागा भरलेल्या असल्या तर चौथी मिळते. वर तीन मोठी नावं लिहिल्याने चौथीवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. म्हणून यादी खऱ्या आवडीच्या क्रमाने लावा, आणि जिथं जायचंच नाही असं कॉलेज भरतीला टाकू नका, कारण तेच मिळायचं. जागा मिळाल्यावर ती ठेवून पुढच्या फेरीत वर सरकता येतं का आणि न गेल्यास काय होतं, हे दर वर्षीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. तिथं मावसभावाचा अनुभव चालत नाही, पुस्तिकाच वाचावी.

फीबद्दल. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्याच्यावरचं ‘डोनेशन’ मागणं १९८७च्या कायद्याने गुन्हा आहे. ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना जुलै २०२४च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. पण ही माफी केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्यांनाच. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती लागू नाही, खासगी अभिमत विद्यापीठांनाही नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या योजना वेगळ्या आहेत. अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. होस्टेल, मेस, गणवेश, बस हा खर्च माफीत येत नाही, तेव्हा तो चारही वर्षांचा लेखी मागून घ्या आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती ठेवा.

मुलींसाठी एक वेगळा दरवाजा आहे आणि तो बराच आधी बंद होतो: सैन्याची नर्सिंग कॉलेजं. देशात अशी सहा आहेत, मिळून २२० जागा. त्यांतली पुण्याचं एएफएमसी आणि मुंबईचं आयएनएचएस अश्विनी ही दोन आपल्याकडे. इथं मात्र नीट लागते, पुढे संगणकावरची चाचणी, मुलाखत आणि कडक वैद्यकीय तपासणी. पदवीनंतर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट म्हणून दाखल होतात. अट अविवाहित असण्याची. म्हणजे या वाटेची आशा असेल तर बारावीच्या वर्षी सीईटीबरोबर नीटचाही अर्ज भरून ठेवावा लागतो.

मुलांना बी.एस्सी.ला बंदी नाही, वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. पण एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना असतात. कॉलेज निवडताना मुलाच्या घरच्यांनी हे आधीच हिशोबात धरलेलं बरं. आयसीयू, ओटी, कॅज्युअल्टी चांगली चालवणारं हॉस्पिटल असेल, तर मुलांना खासगी क्षेत्रात काम मिळायला अडचण येत नाही.

बी.एस्सी.च्या सगळ्या फेऱ्या होऊनही जागा मिळाली नाही, तर जीएनएमची वाट उरते. तीन वर्षं जीएनएम, नोंदणी, आणि मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. एकूण पाच वर्षं, एक जास्त. पण तिसऱ्या वर्षानंतर कधीही नोकरी धरता येते. जीएनएमची प्रवेशप्रक्रिया वेगळी चालते आणि तिच्या तारखा बी.एस्सी.च्या फेऱ्या संपेपर्यंत थांबत नाहीत, त्यामुळे तो अर्जही त्याच उन्हाळ्यात भरून ठेवावा.