कवितेचा पहिला श्रोता

कविता एकांतांत लिहिली जाते. परंतु ती एकांतांतच राहावी अशी इच्छा फारच थोड्या कवींची असते. चार ओळी जुळल्या कीं त्या कोणाला तरी वाचून दाखवाव्या अशी ऊर्मि मनांत उठते, आणि वाचतां वाचतां कवीची नजर ऐकणाराच्या चेहऱ्याकडे वळते. हा जो कवितेचा पहिला श्रोता, त्याचें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. त्यानें नुसतें 'वाहवा' म्हटलें तर कवि सुखावतो, पण शिकत नाहीं. त्यानें नाक मुरडलें तर कवि हिरमुसतो, आणि तेव्हांहि शिकत नाहीं. नव्यानें लिहूं लागलेल्या पुष्कळ मुलामुलींच्या वह्या कायमच्या मिटतात त्या या दोहोंपैकीं एका कारणानें. म्हणून दुसऱ्याची कविता कशी ऐकावी व तिच्यावर अभिप्राय कसा द्यावा, हा प्रश्न किरकोळ मानतां येत नाहीं. निरनिराळ्या काळीं गुरूनें, सभेनें, मित्रानें आणि मंडळानें तो आपापल्या परीनें सोडविला आहे. त्या चारहि रीतींचे गुण व धोके ध्यानांत घेतले म्हणजे उत्तराची दिशा सांपडते.

प्रथम गुरूची रीत पाहूं. उर्दू काव्याच्या परंपरेंत कविता तपासण्याच्या कामाला 'इस्लाह' म्हणतात. इस्लाह म्हणजे दुरुस्ती. तपासणारा तो उस्ताद व तपासून घेणारा तो शागीर्द. शागीर्दानें गझल लिहून आणावी. उस्तादानें कोठें एखादा शब्द बदलावा, कोठें शब्दांची जागा फिरवावी, आणि एखादा शेर अगदींच निर्जीव असला तर त्यावर रेघ मारावी, असा हा रिवाज. गझलेची बांधणीच अशी आहे कीं ही तपासणी नेमकी होऊं शकते. शेराच्या अखेरीस जसाच्या तसा पुन्हां पुन्हां येणारा शब्द तो रदीफ, त्याच्या अलीकडे येणारें यमक तो काफिया, आणि सगळ्या ओळींना बांधून ठेवणारें वृत्त ती बहर. काफिया चुकला किंवा बहर मोडली, ही गोष्ट आवडीनिवडीची राहत नाहीं. ती बोट ठेवून दाखवितां येते.

मिर्झा असदुल्लाखां गालिब (१७९७–१८६९) यांनीं आयुष्याच्या उत्तरार्धांत हें काम मोठ्या प्रमाणावर केलें, आणि तेंहि टपालानें. १८५४ सालीं हिंदुस्थानांत टपालाची नवी व्यवस्था सुरू झाली व पाव तोळा वजनाचें पत्र, अंतर कितीहि असो, अर्ध्या आण्याच्या तिकिटावर जाऊं लागलें. त्याच सालीं जौक वारले आणि बादशहा बहादुरशहा जफर यांच्या उस्तादाची जागा गालिब यांच्याकडे आली. सिकंदराबादचे हरगोपाल 'तफ्ता' यांच्यासारखे स्नेही असोत, कीं रामपूरचे नबाब यूसुफ अलीखां 'नाझिम' यांच्यासारखे आश्रयदाते असोत, दूरदूरच्या शागीर्दांचे कागद दिल्लीला येत आणि दुरुस्त होऊन परत जात. गालिब यांचीं पत्रें पुढें 'ऊद-ए-हिंदी' (१८६८) व 'उर्दू-ए-मुअल्ला' (१८६९) या नांवांनीं छापलीं गेलीं. त्यांत प्रकृतीची, पैशाची व पावसाची हकीकत सांगतां सांगतां अमुक शब्द कां चालत नाहीं आणि तमुक शब्दाचा फारसींतला वापर कसा आहे, हेंहि उलगडून सांगितलेलें आढळतें. गुरूच्या अभिप्रायाचें हेंच खरें मोल होय. नुसती रेघ मारल्यानें एक ओळ सुधारते. रेघेचें कारण सांगितल्यानें पुढच्या शंभर ओळी सुधारतात.

गालिब यांनीं स्वतःहि इतरांचें ऐकलें होतें. त्यांचे शागीर्द व चरित्रकार अल्ताफ हुसेन हाली यांनीं 'यादगार-ए-गालिब' (१८९७) या ग्रंथांत लिहिलें आहे कीं, तरुणपणींची त्यांची रचना अतिशय दुर्बोध होती, आणि मौलवी फज्ल-ए-हक यांच्यासारख्या जाणत्या मित्रांच्या सांगण्यावरून त्यांनीं तिच्यांतील पुष्कळ भाग गाळून टाकला. मात्र गुरूच्या रीतींत एक धोका आहे. उस्तादानें घातलेला शब्द इतका चांगला असूं शकतो कीं ती ओळ शागीर्दाची न राहतां उस्तादाचीच होऊन बसते. शिष्याची चूक जाते. पण तिच्याबरोबर त्याचा आवाजहि जाण्याचें भय असतें.

गुरूच्या हातांत कागद असतो. सभेपुढें केवळ आवाज असतो. १९०७ सालीं जळगांव येथें महाराष्ट्र कविसंमेलन भरलें. 'काव्यरत्नावली' हें केवळ कवितेला वाहिलेलें मासिक नारायण नरसिंह फडणीस १८८७ पासून याच गांवाहून चालवीत होते. संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे सतरा वर्षांचे तरुण तेथें उभे राहिले आणि त्यांनीं आपली कविता ऐकविली. अध्यक्षांनीं त्यांना 'बालकवि' ही पदवी दिली, व पुढें महाराष्ट्रानें तें नांव मूळ नांवापेक्षांहि अधिक आपलेंसें केलें. बालकवि १९१८ सालीं, वयाच्या २८ व्या वर्षीं, अपघातांत वारले. इतक्या अल्प आयुष्यांत जें काव्य त्यांच्या हातून झालें, त्याला त्या दिवशीं मिळालेल्या शाबासकीचें बळ लाभलें नसेल असें कोण म्हणेल? सभा धीर देते. परंतु दुरुस्ती करणें हें सभेचें काम नव्हे. टाळ्या कोणत्या ओळीसाठीं पडल्या व कोणत्या ओळीला त्या चुकून मिळाल्या, हें सभा सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं निकटचा सहवास लागतो. बालकवींना तो पुढें अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरीं मिळाला.

निकटच्या सहवासांतील एका मित्राचा अभिप्राय किती दूरवर परिणाम करूं शकतो, याचें उदाहरण इंग्रजी काव्याच्या इतिहासांत आहे. टी. एस. एलियट हे लंडनमधील एका बँकेंत नोकरी करीत असत. १९२१ सालीं प्रकृति बिघडल्यामुळें त्यांनीं रजा घेतली आणि त्या रजेंत एक दीर्घ काव्य पुरें करीत आणलें. १९२२ च्या जानेवारींत त्याचें हस्तलिखित त्यांनीं पॅरिसमध्यें आपले कविमित्र एझ्रा पौंड यांच्या हातीं दिलें. पौंड यांनीं पानेंच्या पानें काढून टाकण्याचा सल्ला दिला, समासांत शेरे लिहिले, सैल ओळींवर रेघा ओढल्या. काव्य जवळजवळ निम्मे झालें, आणि तेंच 'दि वेस्ट लँड' या नांवानें त्याच वर्षीं प्रसिद्ध होऊन जगभर गाजलें. काव्याचा चौथा भाग मुळांत बराच लांब होता. त्यांतल्या शेवटच्या दहाच ओळी उरल्या. तेव्हां एलियट यांचा धीर सुटला व या दहा ओळीहि काढून टाकाव्या काय, असें त्यांनीं पत्रानें विचारलें. पौंड यांनीं त्या ठेवण्याविषयीं आग्रह धरला. एवढी कात्री चालविणारा माणूस कोठें थांबावें हेंहि जाणत होता. काय गाळावें हें सांगण्याइतकेंच काय मुळींच गाळूं नये हें सांगणें महत्त्वाचें असतें. १९२५ च्या संग्रहांत एलियट यांनीं आपल्याहून श्रेष्ठ कारागीर म्हणून गौरव करून तें काव्य पौंड यांना अर्पण केलें. तें हस्तलिखित १९७१ सालीं जसेंच्या तसें छापलें गेलें, आणि त्यांतील एकेक शेरा आतां कोणालाहि पाहतां येतो.

पण असा एकच मित्र प्रत्येकाला कोठून मिळावा? आणि मिळाला तरी त्याचीहि एक आवड, एक खोड असणारच. येथें मंडळाची रीत उपयोगी पडते. १९२३ सालीं पुण्यांत स्थापन झालेलें रविकिरण मंडळ हें मराठींतील तिचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर बाळकृष्ण रानडे, मनोरमाबाई रानडे, विठ्ठल दत्तात्रेय घाटे, दिवाकर इत्यादि मंडळी त्यांत होती. रविवारीं एकत्र जमावें, चहा घ्यावा, नवी कविता वाचावी आणि तिच्याविषयीं मोकळेपणानें बोलावें, असा त्यांचा क्रम असे. 'किरण' हा त्यांचा पहिला संग्रह १९२३ सालींच निघाला. यांतील दिवाकर हे कवीपेक्षां नाट्यछटाकार म्हणूनच ओळखले जातात. म्हणजे तेथें कवितेला गद्यलेखकाचाहि कान मिळत होता. मनोरमाबाईंसारख्या कवयित्रीचा कानहि मिळत होता. एकाच कवितेला पांच-सात कान मिळाले म्हणजे एकाची लहर दुसऱ्याच्या समजुतीनें सांवरली जाते, हा मंडळाचा पहिला लाभ. दुसरा लाभ नियमितपणाचा. पुढच्या रविवारीं वाचावयाचें आहे या जाणिवेनें माणूस लिहितो, आणि मागच्या रविवारीं काय सांगितलें गेलें हें आठवून लिहितो.

अशा बैठकींत नेमकें बोलावें कशाबद्दल? जुन्या वृत्तबद्ध कवितेपुरतें याचें उत्तर स्पष्ट आहे. शार्दूलविक्रीडितांत १९ अक्षरें असतात व १२ व्या अक्षरावर यति येतो. तेथें शब्दाचे दोन तुकडे पडत असतील तर तो यतिभंग ऐकणारानें दाखवावा. वृत्तासाठीं 'नदी'चें 'नदि' केलें असेल, ओळ भरावी म्हणून 'बरें', 'जाण' असे पादपूरक शब्द पेरले असतील, यमकाच्या ओढीनें अर्थ वांकडा झाला असेल, तर त्या त्या जागीं बोट ठेवावें. या सर्व गोष्टींना शास्त्रीय आधार देणारा 'छंदोरचना' हा ग्रंथ याच मंडळांतील माधव जूलियन यांनीं १९२७ सालीं लिहिला, आणि १९३७ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति काढली. त्याबद्दल मुंबई विद्यापीठानें १९३८ सालीं त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. मुक्त रचनेलाहि हा विचार लागू पडतो. तेथें यति व गण नसले तरी ओळ कोठें तुटते, प्रतिमा कोठें धूसर होते, शेवट कोठें उगाच लांबतो, हें दाखवितां येतेंच.

रविकिरण मंडळानें कविता श्रोत्यांपुढें गाऊन दाखविण्याची प्रथा लोकप्रिय केली. तिनें कविता पुस्तकाबाहेर पडून घरोघर गेली, हें मोठेंच कार्य झालें. परंतु गोड गळा हा कवितेचे दोष लपविण्यांत फार तरबेज असतो; ऱ्हस्वदीर्घाचे खळगे तो सुरानें भरून काढतो. म्हणून कविता एकदां ऐकावी आणि मग कागद हातांत घेऊन डोळ्यांनीं वाचावी. दोन्ही वेळां जी ओळ मनाला भिडते तीच खरी.

मंडळाचा मोठा धोका निराळाच आहे. तेच लोक, तीच खोली, तेच कौतुक. हळूहळू सर्वांना एकमेकांच्या लकबी गोड वाटूं लागतात. आंतल्या माणसांना ती संवय दिसत नाहीं, बाहेरच्याला मात्र ती तत्काळ दिसते. प्रल्हाद केशव अत्रे यांनीं 'केशवकुमार' या नांवानें १९२५ सालीं 'झेंडूचीं फुलें' हा विडंबनसंग्रह प्रसिद्ध केला. त्या काळच्या कवींचे आवडते शब्द, लाडके विषय आणि ठराविक उसासे त्यांनीं असे कांहीं वांकवून दाखविले कीं सारा महाराष्ट्र हंसला. रविकिरण मंडळाच्या कवींचा त्यांत चांगलाच समाचार घेतलेला होता. तरीहि त्या थट्टेनें मंडळाचे कवि संपले नाहींत. माधव जूलियन यांचें 'विरहतरंग' १९२६ सालीं व 'सुधारक' १९२८ सालीं आलें. यशवंत आणि गिरीश यांचेंहि नांव वाढतच गेलें. चांगलें विडंबन हाहि एक अभिप्रायच असतो, कारण मूळ कविता बारकाईनें वाचल्यावांचून तें लिहितांच येत नाहीं. बंद खोलींत अधूनमधून अशी खिडकी उघडली जाणें आवश्यक असतें. मात्र विडंबन शोभतें तें नांवारूपास आलेल्या कवीचें. पहिली कविता घेऊन आलेल्या मुलाची थट्टा करण्यांत कसलाहि पुरुषार्थ नाहीं.

या सर्वांवरून पहिल्या श्रोत्याचें कर्तव्य बरेंचसें ठरून जातें. बोलावें तें कवितेविषयीं, कवीविषयीं नव्हे. 'तुम्हांला लिहितां येत नाहीं' हें वाक्य अभिप्राय या नांवाला पात्र नाहीं. 'तिसऱ्या ओळींतील हा शब्द मागच्या ओळीशीं विसंगत वाटतो' हा अभिप्राय होय. जें आवडलें तेंहि इतक्याच नेमकेपणानें सांगावें, म्हणजे स्तुतीचाहि उपयोग होतो. दोष दाखवितांना कारण द्यावें. स्वतःची ओळ रचून देण्याची घाई करूं नये. ज्यानें स्वतः ऐकून घेतलें नाहीं त्यानें इतरांना ऐकवूं नये. दोन कविता वाचून दाखवावयाच्या असतील तर आधीं चार तरी ऐकाव्या. कवीनेंहि लागलीच उत्तर देऊं नये. ओळीचें समर्थन तोंडानें करावें लागत असेल तर तें समर्थन ओळींत उतरलेलें नाहीं, असें समजण्यास हरकत नाहीं. ऐकलेलें सर्व टिपून घरीं न्यावें व चार दिवसांनीं पुन्हां पाहावें. त्यांतलें पटेल तेवढें घ्यावें, न पटेल तें सोडावें; कारण शेवटचा निर्णय ज्याचें नांव कवितेखालीं जाणार त्याचाच.

आणि कांहींच सुचलें नाहीं तर? तर श्रोत्यानें एवढेंच म्हणावें, "पुन्हां एकदां वाचा." दुसऱ्या वेळीं कवि जरा सावकाश वाचतो. जेथें तो अडखळतो, जेथें त्याचा आवाज उगाच चढतो, किंवा जी ओळ तो घाईनें उरकून टाकतो, त्या जागा बहुधा त्याच्या स्वतःच्याच कानीं पडतात, आणि पेन्सिल न मागतां त्याच्या हातांत येते.