सोलापूरचे शंवाकि : टाक हाती घेतलेला संपादक

शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच मराठी वाचकांचे शंवाकि, यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापुरात झाला. वडील वासुदेवराव सोलापुरात डॉक्टर होते. गिरण्यांच्या भोंग्यावर दिवस उगवणाऱ्या या गावात कानडी, तेलुगू, उर्दू आणि मराठी एकाच बाजारात बोलल्या जात. शंकररावांचा ओढा चित्रकलेकडे होता. ती शिकण्यासाठी ते थेट लाहोरला, पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांकडे गेले. पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून नावाजलेल्या सातवळेकरांचा त्या काळी तिथे चित्रकार आणि छायाचित्रकार म्हणून जम बसला होता.

शंकररावांचे चुलते लक्ष्मणराव यांनाही चित्रकारच व्हायचे होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असे निघाले. मग ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले, आणि पुढे लोखंडी नांगर करणारा कारखाना उभा राहिला. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळ, निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. शिक्षण आटोपल्यावर पुतण्या तिथेच कामाला लागला. वाट्याला आले जाहिरातीचे काम. लाकडी नांगरावर पिढ्यान्‌पिढ्या विसंबलेल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर पटवून द्यायचा होता, आणि त्या शेतकऱ्याला बहुधा वाचता येत नव्हते. एका नजरेत कळेल असे चित्र काढण्याची सवय शंकररावांच्या हाताला इथेच लागली.

१९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. आधी ते कारखान्याच्या बातम्या गिऱ्हाइकांना आणि एजंटांना कळवणारे छोटे पत्रक होते. हळूहळू त्यात उद्योगधंदा, आरोग्य, समाजसुधारणा असे विषय शिरले. १९२९ मध्ये ‘खबर’ हा शब्द गळाला आणि ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. ही तिन्ही मासिके पुण्या-मुंबईतून नव्हे, तर आडवळणाच्या एका स्टेशनाशेजारून घरोघरी जात होती, हे आजही नवल वाटावे असेच आहे.

व्यंगचित्र मराठीला अगदीच नवे नव्हते. लंडनचे ‘पंच’ १८४१ मध्ये निघाले. त्याच्या धर्तीवर ठाण्याला ‘हिंदुपंच’ आणि मुंबईत ‘हिंदी पंच’ अशी पत्रे निघाली. पण त्यांचा रोख मुख्यतः राजकारणावर असे. शंकररावांनी व्यंगचित्र घराच्या उंबरठ्याआत आणले. भोंदू बुवा, हुंड्याचा बाजार, सोवळ्याओवळ्याचे अवडंबर, अस्पृश्यता, विधवांचे हाल हे मासिकाच्या लेखांचे विषय होते आणि तेच चित्रांचेही. लेख वाचून मुद्द्याशी वाद घालता येतो. चित्र मात्र पाहताक्षणी मनात उतरलेले असते, वाद त्यानंतर सुरू होतो. संपादक आणि चित्रकार एकच असल्यामुळे लेखाचा रोख आणि चित्राचा रोख वेगळा पडत नसे. हेच शंकररावांचे खरे बळ होते.

त्या काळच्या छपाईनेही चित्राचे रूप ठरवले. शाईत बुडवून लिहायच्या टाकाने जाड कागदावर काळ्या रेषा काढायच्या. त्या चित्राचे छायाचित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे. मग पत्रा तेजाबात घालायचा, म्हणजे रेषांमधली मोकळी जागा खाल्ली जाते आणि रेषा उठून राहतात. हा ठोकळा, म्हणजेच ब्लॉक, खिळ्यांच्या ओळींशेजारी बसवला की मजकूर आणि चित्र एकदमच छापून निघे. करड्या छटा हव्या असतील तर जाळीचा महागडा ब्लॉक आणि गुळगुळीत कागद लागे. साध्या कागदावर स्वच्छ उठते ती ठाम, मोकळी रेघ. छाया आणि बारकावे जितके गाळावे तितके चित्र बोलके होते, ही शिस्त या तंत्राने शिकवली. शंकररावांच्या व्यंगचित्रांच्या संग्रहाचे नावही ‘टाकाच्या फेकी’ असेच आहे.

मासिकातले व्यंगचित्र महिन्यातून एकदा भेटते, म्हणून त्यात अख्खा विषय एका चौकटीत मावावा लागतो. रोजच्या वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीचे गणित निराळे असते. तीन-चार चौकटी, तीच पात्रे आणि रोज नवी गंमत. अमेरिकेत ही परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. मराठीत तिला घराघरांत नेले ते चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ने. ‘सकाळ’मध्ये २१ नोव्हेंबर १९९१ पासून तो येऊ लागला. राग न धरता घरातल्या विसंगतीकडे बोट दाखवण्याची रीत मात्र मराठी वाचकाला त्याआधी कितीतरी वर्षे शंकररावांसारख्यांनी लावली होती.

शंकररावांनी ‘शंवाकीय’ हे आत्मचरित्र लिहिले. १ जानेवारी १९७५ रोजी ते वारले. संपादक म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते, चित्रकार म्हणून फारसे नाही. हा अन्यायच आहे, कारण त्यांची चित्रे वगळली तर त्यांचे संपादन अर्धेच कळते. सोलापुरात कुणाच्या माळ्यावर ‘किर्लोस्कर’चे जुने अंक असतील, तर ते रद्दीत घालू नयेत. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या एखाद्या ग्रंथालयाकडे आधी विचारणा करावी.