अंतराळयानातला किल्ट आणि असईचा हत्ती

‘डॉक्टर हू’ किंवा ‘स्टार ट्रेक’सारखी अंतराळमालिका आता मोबाइलवर कुठेही बघता येते. हिंगोलीकडच्या आमच्या हट्टा गावातही आणि तिथल्या शेतातही, रेंज असेल तर. जुने भाग बघताना एका दृश्यावर मात्र आपल्याकडचा प्रेक्षक हमखास हसतो. सगळं जग विजार घालून ग्रहताऱ्यांवर फिरत असताना एक दणकट पुरुष उघड्या पोटऱ्यांनी, गुडघ्यापर्यंतचा चौकडीचा घोळदार कपडा नेसून यानात उभा असतो. मग शेरे सुरू होतात: बाईचा घागरा घातलाय, ह्यांचं धोतरच आहे ते, पाच हजार वर्षांचा पोशाख असेल, तिकडे सगळेच असं घालतात. ह्यातला एकही शेरा खरा नाही. शिवाय ह्या कपड्याचा, म्हणजे किल्टचा, मराठवाड्याशी असलेला संबंध कोणाला माहीतच नसतो.

आधी पात्रांची ओळख. ‘डॉक्टर हू’मधला जेमी मॅक्रिमन हा १७४६ सालचा स्कॉटिश हायलँडर, म्हणजे डोंगराळ उत्तर भागातला तरुण. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने लढलेल्या हायलँडर फौजेचा धुव्वा उडाला. त्यानंतरच्या धामधुमीत मालिकेचा नायक डॉक्टर त्याला आपल्या कालयानात घेतो. डिसेंबर १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘द हायलँडर्स’ ह्या कथेत तो पहिल्यांदा दिसला आणि १९६९ पर्यंत राहिला. डॉक्टरच्या सोबत्यांमध्ये सर्वाधिक भागांत दिसलेला तोच. गंमत म्हणजे त्या पहिल्या कथेच्या चारही भागांची चित्रफीत बीबीसीकडे आज शिल्लक नाही. दुसरा ‘स्टार ट्रेक’चा मुख्य अभियंता स्कॉटी. तो एरवी लाल सदरा आणि काळी विजार घालतो, पण औपचारिक प्रसंगी गणवेशाच्या कोटाखाली किल्ट घालून येतो. मूळ मालिकेच्या १९६८-६९ च्या शेवटच्या मोसमात हे दिसतं.

‘हा तर घागरा’, ‘हे तर धोतर’

घागरा चारी बाजूंनी घोळदार असतो. किल्टच्या निऱ्या फक्त मागे आणि बाजूंना असतात. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि कडेला पट्ट्यांनी आवळतात. पूर्ण मापाच्या किल्टला आठ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास लोकरी कापड लागतं आणि त्यातलं बहुतेक मागच्या निऱ्यांत जातं. म्हणून तो अंगावर जड बसतो. चालताना मागचा भाग डुलतो, पुढचा जागचा हलत नाही. खिसे नसतात, त्यामुळे पुढे कमरेला चामड्याची थैली लटकते. तिला स्पोरन म्हणतात.

धोतर म्हणावं तर त्यात कासोटा नाही. आपल्या धोतराची सगळी करामत त्या दोन पायांमधून मागे खोचलेल्या टोकात आहे. त्यामुळेच माणूस धोतर नेसून औत हाकू शकतो, घोड्यावर बसू शकतो. कासोटा न घालता गुंडाळलेलं वस्त्र म्हणजे लुंगी, आणि रचनेने किल्ट लुंगीच्या जवळचा. हट्टा, वसमत, जवळा बाजार ह्या पट्ट्यात घरी आल्यावर लुंगी गुंडाळणारे पुरुष आजही आहेत. त्यांच्या लुंगीवर बहुतेक वेळा चौकडीच असते. तरीही पडद्यावरचा स्कॉटी बघून हसू येतं, ह्याचं कारण कापड नसून सवय आहे, असं माझं मत.

खरं साम्य शोधायचं तर घोंगडीशी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ज्याच्या नोंदी मिळतात तो मूळ हायलँड पोशाख म्हणजे न शिवलेलं लांबरुंद लोकरी वस्त्र. माणूस ते जमिनीवर पसरायचा, अर्ध्या भागाच्या निऱ्या घालायचा, त्यावर आडवा पडून कमरेला पट्टा आवळायचा आणि उठून उरलेला भाग खांद्यावर टाकायचा. पाऊस आला की तेच डोक्यावरून घ्यायचं, रात्री पट्टा सोडून त्यातच गुंडाळून झोपायचं. मेंढ्यांमागे रानोमाळ फिरणाऱ्या आपल्या धनगराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

‘हजारो वर्षांचा पोशाख’

जेमीच्या अंगावर पडद्यावर दिसतो तो लहान किल्ट, म्हणजे वरचा खांद्याचा भाग काढून टाकलेला, फक्त कमरेखालचा. हा अठराव्या शतकात रूढ झाला. तो थॉमस रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज लोखंड-कारखानदाराने १७२०-३० च्या सुमारास आपल्या हायलँडर कामगारांसाठी काढला, अशी एक जुनी कथा आहे. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ च्या ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ ह्या ग्रंथातल्या लेखात ती गाजवली. अनेक स्कॉट अभ्यासकांना ती मान्य नाही. लहान किल्ट त्याआधीही वापरात होता असं ते म्हणतात. वाद कोणीही जिंको, काळ फार तर काही दशकं मागे सरकेल, सहस्रकं नाही. निऱ्या कायमच्या शिवून टाकलेला किल्ट तर अठराव्या शतकाच्या अगदी शेवटचा.

जेमीच्या बाबतीत एक गोष्ट मला मालिकेपेक्षा जास्त नाट्यमय वाटते. कलोडननंतर ब्रिटिश संसदेने हायलँड पोशाखावर बंदी आणली. १ ऑगस्ट १७४७ पासून पुरुषाने किंवा मुलाने किल्ट घातला तर पहिल्यांदा सहा महिने तुरुंग, पुन्हा सापडला तर सात वर्षांसाठी समुद्रापार हद्दपारी. १७८२ पर्यंत हा कायदा पुस्तकात होता. मालिकेत १९६९ साली जेमीची आठवण पुसून त्याला परत १७४६ च्या स्कॉटलंडमध्ये सोडतात. म्हणजे दीड वर्षाच्या आत ज्या कपड्याचा गुन्हा होणार, तोच कपडा घालून हा गडी घरी पोचतो. लेखकांच्या हे मनात होतं की नव्हतं कोण जाणे.

बंदीला एक अपवाद होता: सरकारी फौज. १७३९ मध्ये उभी राहिलेली ब्लॅक वॉच आणि नंतरच्या हायलँड पलटणी किल्ट घालत राहिल्या. घरच्या रानात गुन्हा ठरलेला कपडा राजाच्या फौजेत गणवेश झाला. किल्ट टिकला तो मुख्यतः पलटणींमुळे, मेंढपाळांमुळे नाही. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी सगळा सोहळा हायलँड थाटात बसवला आणि खुद्द राजाही किल्ट घालून मिरवला. त्याआधी शहरी स्कॉट लोक हायलँडरांना अडाणी, लुटारू समजत. त्यानंतर तोच वेश साऱ्या देशाचा झाला.

‘प्रत्येक घराण्याची चौकडी प्राचीन काळापासून ठरलेली’

हा समज कादंबऱ्यांनी आणि पर्यटकांच्या दुकानांनी पोसला. जुन्या काळी चौकडीचा रंग ठरे तो त्या भागातल्या विणकराकडच्या रंगांवरून आणि गिऱ्हाइकाच्या आवडीवरून. घराण्यागणिक नमुना ही कल्पना एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुलप्रमुखांना आपापल्या चौकडीचे नमुने पाठवायला सांगितलं, तेव्हा काही प्रमुखांना आपली चौकडी कोणती हेच माहीत नव्हतं. बॅनकबर्नच्या विल्सन कंपनीकडे मात्र कापड भरपूर होतं. नमुन्यांना आधी आकडे असत, मग नावं चिकटली. १८४२ मध्ये सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवणाऱ्या दोन भावांनी प्राचीन हस्तलिखिताच्या आधारे काढलेलं म्हणून चौकड्यांचं पुस्तक छापलं. ते हस्तलिखित बनावट असल्याचं आज अभ्यासक मानतात, पण त्यातल्या बऱ्याच चौकड्या दुकानांत अजून ‘प्राचीन’ म्हणून विकल्या जातात. आता नव्या चौकडीची सरकारी नोंदही होते. २००९ पासून स्कॉटलंडमध्ये त्यासाठी अधिकृत नोंदवही आहे.

‘स्कॉटिश माणूस म्हणजे किल्ट’

महाराष्ट्रात स्कॉट कमी आले नाहीत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉट, विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन स्कॉट. जालन्याजवळ बेथेल गाव वसवणारे नारायण शेषाद्री हे मराठी गृहस्थ स्कॉटिश चर्चचेच. ह्यांच्यापैकी कोणालाही किल्टमध्ये कल्पून बघा, चित्र जमत नाही. विल्सन दक्षिणेकडच्या सखल भागातले, आणि त्या भागाने किल्ट आपला कधी मानलाच नव्हता. तिथले शेतकरी, वकील, पाद्री इंग्रजांसारखीच विजार घालत.

किल्टसाठी ओळखल्या जाणाऱ्या हायलँड पलटणी मात्र मराठवाड्यात आल्या होत्या. जालना जिल्ह्यात असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला केळणा आणि जुई ह्या नद्यांच्या मधल्या जागेत आर्थर वेलस्लीची फौज दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या सैन्याशी भिडली. वेलस्लीकडे दोनच गोऱ्या पायदळ पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी, आणि दोन्ही हायलँडर. बाकी पायदळ मद्रासचं देशी. ७४ वी पलटण असई गावाच्या फार जवळ सरकली आणि शिंद्यांच्या तोफांनी ती जवळजवळ संपवली. इंग्रज जिंकले खरे, पण त्यांची दीड हजारांवर माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा हरवली. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लू जिंकला, तरी लढाईतली आपली सर्वांत चांगली कामगिरी म्हणून तो असईचं नाव घ्यायचा. आपला हिंगोलीकडचा मुलूख त्या वेळी निजामाचा, आणि निजाम इंग्रजांच्या बाजूला. त्यामुळे इथल्या माणसाला ही ‘आपली’ लढाई कधी वाटली नसावी.

जुनी चित्रं बघून आपण समजतो की त्या दिवशी लाल डगले आणि किल्ट घातलेली रांग मराठ्यांच्या तोफांवर चालून गेली. हे गृहीत धरू नये. हिंदुस्थानच्या उन्हात हायलँड पलटणी बऱ्याचदा लोकरी किल्ट बाजूला ठेवून सुती विजारीवर येत. लोकरीचं सव्वासात मीटर ओझं कमरेला बांधून सप्टेंबरच्या उकाड्यात नदी ओलांडून बघितली की कारण समजेल. १८०९ मध्ये तर सरकारी हुकुमाने सहा हायलँड पलटणींचा किल्ट काढून घेतला, आणि त्यात असईची ७४ वी होती. कारण उन्हाचं नव्हतं, भरतीचं होतं. इंग्लंडच्या पोरांना हा वेश नको वाटायचा, म्हणून ती पलटणीत येत नसत.

ह्याचा शेवट विचित्र झाला. ७४ व्या पलटणीला असईबद्दल हत्तीचं चिन्ह मिळालं. १८८१ मध्ये ती ७१ व्या पलटणीत मिसळून हायलँड लाइट इन्फंट्री झाली. त्या पलटणीच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर हत्ती होता आणि त्याच्या वर ‘असई’ हे नाव. जालना जिल्ह्यातलं एक खेडं दोन महायुद्धांत ग्लासगोच्या सैनिकांच्या डोक्यावर फिरलं. आणि नावातच ‘हायलँड’ असलेली ही पलटण किल्टऐवजी चौकडीची विजार घालायची. किल्ट तिला परत मिळाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर.

आपल्या लष्करात किल्टचा उरलेला अंश म्हणजे पाइप बँड. २९ जानेवारीला दिल्लीत बीटिंग रिट्रीट बघताना मशकवाद्य वाजवणाऱ्या जवानांच्या खांद्यावर चौकडीचं वस्त्र दिसतं. खाली बहुतेक विजारच असते. ती मशकवाद्यं आणि किल्टही मोठ्या प्रमाणावर कुठे बनतात, तर स्कॉटलंडपेक्षा बरंच अलीकडे, पाकिस्तानातल्या सियालकोटला.

‘किल्ट घातलाय म्हणजे नट स्कॉटिश’

जेमी झालेले फ्रेझर हाइन्स इंग्लंडच्या यॉर्कशायरचे. स्कॉटी झालेले जेम्स डूहन कॅनडातल्या व्हँकूवरचे, आई-वडील आयरिश. उलट डॉक्टरची मुख्य भूमिका वेगवेगळ्या काळी करणारे सिल्व्हेस्टर मॅकॉय, डेव्हिड टेनंट आणि पीटर कपाल्डी हे तिघं अस्सल स्कॉट, आणि त्यांपैकी एकाचाही ठरलेला पोशाख किल्ट नव्हता. डॉक्टरला किल्ट नेसवला तो २०२३ च्या नाताळच्या भागात, शूटी गाटवाने, आणि तोही एका क्लबात नाचताना. गाटवा जन्माने रवांडाचा, वाढला स्कॉटलंडमध्ये. कपडेपटाला एका नजरेत ‘हा स्कॉट’ असं सांगायचं असतं तेव्हा किल्ट कामाला येतो. माणूस खरोखर तिथला असेल तर त्याची गरज पडत नाही.

अमेरिकन लेखिका डायना गॅबल्डन यांनी जेमीला एका जुन्या भागात बघितलं आणि त्यातून त्यांना कादंबरी सुचली. ‘आउटलँडर’ १९९१ मध्ये आली, नायकाचं नाव जेमी फ्रेझर. पुढे त्यावरच्या मालिकेत खुद्द हाइन्स एका छोट्या भूमिकेत आले.

‘भविष्यात असलं काही चालणार नाही’

वजनरहित अवस्थेत किल्ट तरंगेल, हे खरं. धोतरही तरंगेल. पण पडद्यावरच्या यानांत कृत्रिम गुरुत्व असतं, तेव्हा स्कॉटीला ती चिंता नाही. उलट ‘स्टार ट्रेक’च्या १९८७ मधल्या पुढच्या मालिकेत वेशभूषाकारांनी भविष्यातला समान गणवेश म्हणून मांडीपर्यंतचा झगा पुरुषांनाही घातला होता. पहिल्या मोसमात मागच्या रांगेतून जाणारे काही पुरुष त्यात दिसतात. मग तो झगा गुपचूप गायब झाला.

खऱ्या अंतराळात चौकडी मात्र जाऊन आली आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये, स्कॉटी पडद्यावर किल्टमध्ये दिसला त्याच वर्षी, अपोलो १२ मधून चंद्रावर उतरलेले अॅलन बीन यांनी आपल्या मॅकबीन घराण्याच्या चौकडीचा तुकडा बरोबर नेला होता. तो त्यांनी चंद्रावरच ठेवला, असं अजूनही सांगितलं जातं. तसं नाही. बीन यांनीच नंतर स्पष्ट केलं की तो आपण परत आणला. त्यातला काही भाग त्यांनी घराण्याच्या संस्थेला दिला, काही स्कॉटलंडमधल्या सेंट बीनच्या प्रार्थनास्थळाला, आणि थोडा स्वतःकडे ठेवला.