अंक टॅबलेटवर चढवण्याआधी

यवतमाळला नियतकालिकांचं अप्रूप नाही. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये ‘लोकमत’ साप्ताहिक काढलं ते इथूनच. आज पुसद, वणी किंवा दारव्ह्यात बसून दिवाळी अंक काढणाऱ्याला पुढचा प्रश्न पडतो: हाच अंक टॅबलेटच्या ॲपमध्ये कसा आणायचा? ॲप बांधायची साधनं तयार मिळतात. घोडं अडतं ते सेटिंग्जच्या पानांवर. यातली काही सेटिंग्ज कधीही बदलता येतात, काही मात्र ॲप प्रसिद्ध झालं की कायमची गोठतात. इथे आपण अँड्रॉइड टॅबलेट धरून चालू.

सेटिंग्जच्या आधी मजकूर बघा. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लावलेल्या पानांत मराठी अक्षरं नसतातच. आत रोमन अक्षरं असतात, फाँट त्यांना फक्त मराठी रूप देतो. तो मजकूर ॲपमध्ये टाकला की पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. म्हणून तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो.

बदलणारं सॉफ्टवेअर हे काम झटक्यात करतं आणि नेमक्या ठरलेल्या जागी चुकतं. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार एक घर सरकतो, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’, ‘कुऱ्हाड’ची ‘कुर्हाड’ होते. या तीन गोष्टी शोधत एकदा संपूर्ण अंक वाचायलाच हवा. मुद्रितशोधकाचा हा खर्च टाळू नका.

यावर एक पळवाट सगळे सुचवतात: पानांची पीडीएफ करून तीच ॲपमध्ये टाकायची. दहा इंची पडद्यावर हे कसंबसं निभतं; आठ इंची पडद्यावर वाचक प्रत्येक स्तंभ मोठा करून डावी-उजवीकडे ढकलत बसतो. पान चित्र म्हणून गेलं असेल तर शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाला तो लेख ऐकताही येत नाही. माझ्या मते व्यंगचित्रं आणि जाहिराती पानासारख्या जाऊ द्याव्यात, लेख नाहीत.

मजकूर शुद्ध झाला की त्याची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवा. तयार साच्यांत ती इंग्रजी किंवा हिंदी धरलेली असते. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचं वळण हिंदीहून वेगळं असतं, पण युनिकोडमधला क्रमांक एकच. चांगला फाँट ही नोंद पाहूनच कोणतं वळण दाखवायचं ते ठरवतो.

फाँट ॲपच्या आतच बसवा, वाचकाच्या टॅबलेटवर सोडू नका. तो ॲपमध्ये वापरायचा परवाना आहे ना, हेही तपासा. ‘मुक्ता’सारखे मुक्त परवान्याचे फाँट मिळतात. मग ‘ॲप’ हा शब्द टाइप करून बघा. जुन्या फाँटमध्ये ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो. ओळींमधलं अंतरही वाढवा, साधारण अक्षराच्या आकाराच्या दीडपट. इंग्रजीसाठी ठेवलेल्या अंतरात आपल्या मात्रा आणि उकार कापले जातात.

आता ॲपची ओळख. इथे दोन रकाने असतात: दिसणारं नाव आणि पॅकेज नेम, म्हणजे उलट्या वेब-पत्त्यासारखी लिहिलेली अंतर्गत खूण. नाव ही घरावरची पाटी, तर पॅकेज नेम हा सातबाऱ्यावरचा गट क्रमांक. पाटी हवी तेव्हा बदला. पॅकेज नेम प्रसिद्धीनंतर बदलत नाही. साच्यातलं नमुन्याचं नाव तसंच राहणं ही नेहमीची चूक. दुसरी त्याहून महाग: पॅकेज नेममध्ये अंकाचं वर्ष घालणं. मग दरवर्षी नवं ॲप निघतं आणि वाचक जुन्यातच राहतात. ॲप नियतकालिकाचं असावं आणि अंक त्यात येत राहावेत.

पडदा उभा ठेवायचा की आडवा, हा रकाना पूर्वी एका टिचकीचा होता. अँड्रॉइड १६ पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपला मोठ्या पडद्यावर एकाच दिशेचा हट्ट धरता येत नाही. तेव्हा उभ्यात एक स्तंभ आणि आडव्यात दोन, अशी मांडणी करून दोन्ही बाजूंनी बघा.

डाउनलोडच्या सेटिंगमध्ये झरी-जामणी किंवा मारेगावकडच्या वाचकाचा विचार करा. अंक एकदा उतरवला की नेटशिवाय उघडला पाहिजे. अख्खा अंक एका गठ्ठ्यात ठेवू नका, लेखागणिक तुकडे करा. अर्ध्यावर रेंज गेली तर उरलेलं तिथूनच पुढे उतरेल, हा पर्याय चालू ठेवा. ‘फक्त वायफायवर’ ही निवड वाचकावर सोडा.

परवानग्यांची यादी छाटा. नियतकालिकाला इंटरनेट लागतं आणि नव्या अंकाची सूचना द्यायला नोटिफिकेशन; कॅमेरा, ठावठिकाणा, संपर्कयादी कशाला? साच्यात ते आधीच टिचकी मारून ठेवलेलं असतं. प्ले स्टोअरवर ‘डेटा सेफ्टी’ नावाचा अर्ज भरावा लागतो, म्हणजे वाचकाची कोणती माहिती आपण घेतो याचं जाहीर निवेदन. जाहिराती दाखवणारा तयार तुकडा ॲपमध्ये असेल तर तो जी माहिती गोळा करतो तीही आपल्याच नावावर मांडावी लागते. हे विसरलं की ॲप परत येतं.

किंमत ठरवताना घाई नको. एकदा मोफत दिलेलं ॲप पुढे विकत देता येत नाही. आत वर्गणी मात्र लावता येते. त्या वर्गणीला दिलेली अंतर्गत खूणही बदलता येत नाही की पुन्हा वापरता येत नाही.

ॲपवर सही करणारी किल्ली, म्हणजे नवी आवृत्ती आपलीच आहे हे सिद्ध करणारी फाइल, दोन ठिकाणी जपा आणि तिचा पासवर्ड संपादकाकडेही असू द्या. ॲप बांधून देणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला की मगच तिची आठवण होते. प्ले स्टोअरचं खातंही नियतकालिकाच्या नावाच्या ईमेलवर काढा, त्याच्या नाही.

शेवटी चाचणी. खातं वैयक्तिक आणि १३ नोव्हेंबर २०२३ नंतरचं असेल तर किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत नाव ठेवावं लागतं. त्यानंतरच सर्वांसाठी खुलं करायचा अर्ज करता येतो. कुणी मध्येच बाहेर पडतं, म्हणून १५-१६ जण घ्या. त्यांत जुने वर्गणीदार असू द्या, नुसती कार्यालयातली मंडळी नकोत. अर्ज तपासायला आठवडाभर लागू शकतो. घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत जेमतेम महिना असतो, त्यामुळे घट बसण्याआधीच ॲप या मंडळींच्या हाती द्या.