तोफखान्यातला लेफ्टनंट सीमेन्स

कळव्याचा कारखाना असो की इस्पितळातलं स्कॅनचं यंत्र, सीमेन्स हे नाव मराठी माणसाच्या नजरेखालून रोज जातं. त्या आडनावाचा मूळ पुरुष वेर्नर सीमेन्स १५ वर्षं प्रशियाच्या तोफखान्यात होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ज्यांना ठाऊक असतं, त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा असं चित्र असतं: कुणी खानदानी प्रशियन सरदार, रिवाजाप्रमाणे फौजेत गेला, तिथे कंटाळला आणि वर्दी उतरवून धंद्यात पडला.

यातलं ‘फौजेत गेला’ एवढंच खरं.

वेर्नरचा जन्म १३ डिसेंबर १८१६ रोजी हॅनोव्हरजवळच्या लेंटे गावात झाला, आणि तो मुलूख तेव्हा प्रशियाचा नव्हताच. वडील दुसऱ्याची जमीन खंडाने कसायचे. घरात एकूण १४ अपत्यं झाली. नावातलं ‘फॉन’ १८८८ मध्ये बादशहाकडून मिळालं. तोवर वेर्नरने सत्तरी ओलांडली होती. तोफखान्यात दाखल होताना तो नुसता सीमेन्स होता आणि खिसा जवळजवळ रिकामा होता.

त्याला शिकायचं होतं. बर्लिनच्या बांधकाम विद्यालयाचा खर्च झेपणारा नव्हता. इंजिनिअरांच्या पलटणीत उमेदवारांची रांग लांबलचक होती, पण तोफखान्याच्या उमेदवारांनाही त्यांच्याच बरोबरीने लष्करी विद्यालयात बसायला मिळायचं. म्हणून १८३४ मध्ये त्याने माग्डेबुर्गचा तोफखाना गाठला आणि पुढची तीन वर्षं बर्लिनमध्ये सरकारी खर्चाने गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र पदरात पाडून घेतलं.

मग येते तुरुंगाची गोष्ट. ती सांगताना लोक हमखास तिखटमीठ लावतात: द्वंद्वयुद्ध खेळल्याबद्दल गजाआड गेला आणि रिकामपणी सोन्याच्या मुलाम्याचा शोध लागला. वस्तुतः द्वंद्व दुसऱ्याचं होतं. वेर्नर त्यात फक्त पाठराखा होता. शिक्षा मात्र पाच वर्षांची झाली. विजेने मुलामा देण्याचे प्रयोगही आधीपासून चालू होते. माग्डेबुर्गच्या किल्ल्यातल्या कोठडीत त्याने रसायनं आणवली आणि तिथे ते साधले. एक चमचा सोनेरी झाला, शहरातल्या एका जवाहिऱ्याने कोठडीत येऊन ती पद्धत वापरायचा हक्क ४० सोन्याच्या नाण्यांना विकत घेतला. लवकरच राजाची माफी आली, तेव्हा कैदी खूश व्हायचा सोडून प्रयोग संपेपर्यंत इथेच राहू द्या म्हणून अर्ज करून बसला. किल्लेदाराला हा राजाच्या कृपेचा अपमान वाटला आणि त्याने वेर्नरला मध्यरात्री बाहेर काढलं! ही हकिकत वेर्नरने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. तेव्हा थोडं मीठ त्याच्याही हातचं असू शकेल.

राजीनाम्याचा क्रम तर सरळ उलटा आहे. यंत्रकारागीर योहान गेओर्ग हाल्स्के याच्याशी भागीदारी करून तारयंत्रांचा कारखाना काढला तो ऑक्टोबर १८४७ मध्ये. फौज सोडली १८४९ मध्ये. मधली दीडदोन वर्षं हा गृहस्थ एकाच वेळी सरकारी नोकर आणि सरकारला माल पुरवणाऱ्या कारखान्याचा भागीदार होता. आज कुणी असं केलं तर चौकशी लागेल. त्या काळी मात्र तो ज्या लष्करी समितीत काम करत होता, तिलाच जुन्या दृश्य-खुणांच्या मनोऱ्यांऐवजी विजेच्या तारा हव्या होत्या, आणि त्यातलं त्याच्याइतकं जाणणारे तिथे फार नव्हते.

तो नुसता प्रयोगशाळेतला अधिकारी होता, हेही खरं नाही. १८४८ मध्ये डेन्मार्कशी लढाई जुंपली तेव्हा त्याने कील बंदरात दारूची पिंपं बुडवून ती किनाऱ्यावरून विजेने उडवायची व्यवस्था केली. शत्रूचं एकही जहाज त्यावर आलं नाही. पण सुरुंग पेरल्याची बातमी डेनिश आरमारापर्यंत पोचली होती, आणि बंदराच्या रक्षणाला बहुधा तीच पुरेशी ठरली.

त्यानंतर आली सीमेन्सने टाकलेली बर्लिन ते फ्रांकफुर्ट तार. २८ मार्च १८४९ रोजी फ्रांकफुर्टच्या संसदेने प्रशियाच्या राजाला सम्राट म्हणून निवडलं, ती खबर त्याच दिवशी तारेने बर्लिनला पोचली. या यशाचे गोडवे पुष्कळ गायले जातात. पण तारेवरचं गटापर्चाचं (रबरासारख्या झाडाच्या चिकाचं) वेष्टन टिकलं नाही, जमिनीखालच्या तारा वर्षा-दोन वर्षांत नादुरुस्त होऊ लागल्या आणि प्रशियाच्या तारखात्याने कंपनीशी संबंधच तोडला, हा भाग सहसा गाळला जातो. घरचं गिऱ्हाईक गेल्यावर कंपनी तगली ती रशियाच्या कामांवर.

‘तारयंत्राचा जनक’ हे बिरुदही त्याला शोभत नाही. गाउस आणि वेबर या शास्त्रज्ञांनी ग्योटिंगेनमध्ये १८३३ मध्येच तारेने संदेश धाडले होते. वेर्नरने इंग्रज शास्त्रज्ञ व्हीटस्टनच्या काट्याच्या तारयंत्रात सुधारणा केली. डायनामोचं श्रेयही वाटून घ्यावं लागतं. जानेवारी १८६७ मध्ये वेर्नरचं डायनामोचं तत्त्व बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं गेलं आणि पुढच्याच महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीच्या एकाच बैठकीत त्याच तत्त्वावर दोन निबंध आले: एक वेर्नरचा भाऊ विल्यम याचा, दुसरा व्हीटस्टनचा.

राहिली भारताची तार. सीमेन्स बंधूंनी लंडनपासून कलकत्त्यापर्यंत तार ओढली, असं सर्रास म्हटलं जातं. सुमारे ११,००० किलोमीटरच्या या मार्गात त्यांची कामगिरी बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, तिफ्लिसवरून तेहरानपाशी संपते. तिथून पुढे बुशहर, कराचीकडून येणाऱ्या ब्रिटिश सरकारी तारा आधीपासूनच होत्या. १२ एप्रिल १८७० रोजी या जोडमार्गावरून लंडनचा संदेश २८ मिनिटांत कलकत्त्याला उतरला, आणि १९३१ पर्यंत हा मार्ग चालू राहिला.