मुरायला थंडी हवी

‘लागर’ हा शब्द साठवून ठेवणे या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून आला असून, बरणीत लोणचे मुरू द्यावे तशी आंबून झालेली बिअर कित्येक आठवडे थंडीत मुरू देणे हाच या पेयाचा मूळ धर्म आहे. बव्हेरियातील बिअर करणारे लोक ती थंड तळघरांत साठवत, आणि उन्हाळ्यात केलेली बिअर नासते हा अनुभव तेथे इतका सार्वत्रिक होता की १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यावरच बंदी घालण्यात आली. या बंदीने नकळत एक निवड घडवली, कारण हिवाळ्यात काम करू शकणारे यीस्टच तेवढे टिकून राहिले.

यीस्ट म्हणजे साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करणारा एकपेशीय सूक्ष्मजीव होय. पाव फुगवणाऱ्या यीस्टला उबदार हवा मानवते. लागरचे यीस्ट मात्र त्या यीस्टचा आणि थंडीला सरावलेल्या एका रानटी यीस्टचा संकर असून, या दुसऱ्या पूर्वजाचा माग २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलात लागला. हा संकर ८ ते १२ अंश सेल्सिअसला संथपणे काम करतो, त्यामुळे उबेत निर्माण होणारे फळांसारखे वास बिअरमध्ये फारसे उतरत नाहीत आणि लागरची ओळख असलेली स्वच्छ चव तयार होते.

चिंचवड किंवा मोशीतील एका खोली-स्वयंपाकघराच्या सदनिकेत लागर करण्याची कल्पना केली, तर पहिली अडचण जागेची वाटते. प्रत्यक्षात पाच लिटरच्या बरणीला एका घागरीहून अधिक जागा लागत नाही. सुमारे एक किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, भरडून ६५ अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासभर ठेवले की त्यातील पिठूळ अंशाची साखर होते. हे गोड पाणी गाळून, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून तासभर उकळायचे आणि झटपट निववायचे, हे सारे दोन मोठ्या पातेल्यांत आणि एका शेगडीवर होते. खरी कसोटी त्यानंतर लागते. या पट्ट्यात जानेवारीच्या पहाटे पारा १० ते १२ अंशांवर उतरला तरी दुपारी तो तिशीकडे जातो, आणि ज्या घरात डिसेंबरात इडलीचे पीठ फुगत नाही नि मे महिन्यात तेच पातेल्याबाहेर येते, त्या घरात पंधरा दिवस स्थिर १० अंश मिळणे अशक्यच म्हणावे लागेल. घरातील फ्रीजही जसाच्या तसा उपयोगी पडत नाही, कारण त्यातील ४ अंश यीस्टला काम करण्यासाठी फार थंड आणि पुढे मुरण्यासाठी मात्र योग्य असतात.

यावरचा उपाय चाकणच्या कोणत्याही कारखान्यातील तंत्रज्ञाला ओळखीचा वाटेल. फ्रीजच्या विजेच्या जोडणीवर बाहेरून थर्मोस्टॅट बसवतात आणि त्याचा सेन्सर बरणीच्या काचेला चिकटवून वर फोमचा तुकडा बांधतात, जेणेकरून फ्रीजमधील हवेचे नव्हे तर आतल्या द्रवाचे तापमान मोजले जावे. आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडते आणि द्रव भोवतालच्या हवेपेक्षा एक-दोन अंशांनी गरम राहतो, हे ध्यानात घेतले नाही तर सारे गणित चुकते. आंबणे सरत आले की दोन दिवस तापमान १६ ते १८ अंशांवर नेतात, म्हणजे लोण्यासारखा वास देणारे डायअॅसिटाइल हे द्रव्य यीस्ट पुन्हा शोषून घेते. या साऱ्यात फ्रीजने लागरची चाकरी करावी हे इतिहासाला धरूनच आहे, कारण कार्ल फॉन लिंडे या जर्मन अभियंत्याची १८७० च्या दशकातील आरंभीची शीतकरण यंत्रे म्युनिकच्या श्पाटेनसारख्या बिअरच्या कारखान्यांसाठीच तयार झाली होती.

आंबवणाऱ्या टाकीचे तापमान राखण्याची विद्या पिंपरीला नवी नाही. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. तेथेही एक बुरशी टाक्यांत वाढवायची, ती स्वतः निर्माण करीत असलेली उष्णता काढून घ्यायची आणि परक्या जंतूला आत येऊ द्यायचे नाही, हेच काम होते. तेथील संशोधनातून मिळालेले हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध ज्या सूक्ष्मजीवापासून होते, त्याच्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या शास्त्रीय नावात पिंपरी कायमची कोरली गेली आहे, आणि या गावाच्या मोटारींइतकाच या नावाचाही अभिमान शहराने बाळगायला हवा.

महाराष्ट्रात मात्र वरील कृती समजून घेण्यापुरतीच ठेवावी लागते. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते पाच लिटर असो वा पाचशे. हातभट्टीत ऊर्ध्वपातन होते, म्हणजे आंबवण तापवून त्याची वाफ धरली जाते, आणि बिअरमध्ये तसे काही होत नाही. हा भेद कायद्याने घरापुरता तरी ओळखावा असे मानायला जागा आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरवरील केंद्रीय बंदी उठली, त्यामुळे तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा छंद जोपासता येतो.

इकडे परवाना घेऊन पुण्यात २००९ पासून सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरींमध्ये, म्हणजे जागेवरच बिअर करून विकणाऱ्या लहान कारखान्यांमध्ये, गव्हाची बिअर आणि एल हे उबेत आंबणारे प्रकार ठळकपणे दिसतात. गव्हाची बिअर दोन-तीन आठवड्यांत टाकी मोकळी करते, तर लागर दोन आठवडे आंबते आणि पुढे चार ते सहा आठवडे शून्य ते चार अंशांत मुरत पडते. एवढ्या काळात त्याच टाकीतून गव्हाच्या बिअरचे दोन घाणे सहज निघाले असते. अपुरी जागा लागरला आड येते ती याच अर्थाने, मग ती हॉटेलातील टाकी असो वा स्वयंपाकघरातील फ्रीजचा खालचा कप्पा, ज्यात तोवर भाजी ठेवता येत नाही.